नोटीस नव्वद दिवसांची

थकलेल्या भाड्याची नोटीस म्हणजे घरमालकाने भाडेकरूला पाठवलेले पत्र. त्यात पैसेही मागितलेले असतात आणि घरही. मालकाला या दोन्हींपैकी एकच हवे असते, पण कोणते, हे पत्र टपालात पडेपर्यंत त्याचे त्यालाही ठरवता आलेले नसते. राज्यात सर्वत्र आढळणारा हा पत्रप्रकार मांडवा परिसरात विशेष बहरला आहे. त्याची कारणे समुद्र, इतिहास आणि पाचशे रुपये ही होत. त्यांचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

मांडवा हे अलिबाग तालुक्यातले बंदर. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात येथे पोचता येते. रस्त्याने यायचे तर पनवेल, पेण, वडखळ असा शंभर किलोमीटरांच्या वरचा वळसा पडतो. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि माणसांबरोबर मोटारीही समुद्र ओलांडू लागल्या. बंगले वाढले, हॉटेले वाढली, आणि त्यांत राबणाऱ्या माणसांना राहायला जागा लागू लागली. गवंडी, सुतार, प्लंबर, आचारी, वेटर, खलाशी, बदली होऊन आलेला बँकेतला कारकून, शाळेतले शिक्षक हे सर्व येथील भाडेकरू वर्गात मोडतात. जागा देणाऱ्यांचे मात्र दोनच वर्ग आहेत.

पहिला वर्ग स्थानिक मालकाचा. त्याच्या वाडीत नारळ-सुपारी असते, मागच्या बाजूला गोठा असतो आणि गुरे गेल्यावर त्याच गोठ्याला फरशी बसवून दोन खोल्या काढलेल्या असतात. हा मालक भाडेकरूला रोज दिसतो. किंबहुना तो दिसतो म्हणूनच भाडेकरू पहाटे लवकर कामावर जातो आणि रात्री उशिरा परततो. गावात त्याच्या मेहनतीचे कौतुक होते.

दुसरा वर्ग मुंबईकर मालकाचा. हा शनिवारी लाँचने येतो आणि रविवारी संध्याकाळच्या लाँचने जातो. याचे वैशिष्ट्य असे, की गिरगावातल्या चाळीत तो स्वतः पागडीचा भाडेकरू असतो. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० या तारखेला बांधून ठेवले होते. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मुळात आकडाच इतका लहान, की त्याची चार टक्के वाढ पावतीवर लिहायला लागणारी शाई महाग पडावी. असा हा मनुष्य गेटवेला लाँचमध्ये चढतो तेव्हा घरमालक ही जातच शोषक असल्याचे त्याचे ठाम मत असते. मांडव्याच्या जेट्टीवर उतरतो तेव्हा भाडेकरू ही जात माजली आहे, असे त्याचे तितकेच ठाम मत झालेले असते. मतपरिवर्तनाला तासभर पुरतो. परतीच्या लाँचमध्ये ते पूर्ववत होते.

आता कराराविषयी. येथून जवळच किहीमला १९३० साली सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. त्यांना असे दिसले, की नर घरटे अर्धेमुर्धे बांधतो, मादी येऊन पाहणी करते आणि पसंत पडले तर ताबा घेते. नर उरलेले बांधकाम पूर्ण करून देतो आणि दुसरे घरटे बांधायला घेतो. लेखी करार, डिपॉझिट, पावती वगैरेंचा त्यात कोठेही संबंध येत नाही. परिसरातील खोल्या भाड्याने देण्याची पद्धत आजही जवळपास हीच आहे. भाडेकरू येतो, नळ उघडून बघतो, खिडकीतून बाहेर बघतो, “चालेल” म्हणतो. मालक “बाथरूमचं दार पुढच्या आठवड्यात बसवून देतो” म्हणतो. व्यवहार संपला.

लेखी का करत नाहीत, याचे उत्तर एका वाक्यात मिळते: “कागद केला की कूळ लागतं.” या भीतीची मुळे याच तालुक्यात आहेत आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. खोतांच्या जाचाला कंटाळून चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये जमीन कसायचेच नाकारले. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठबळ दिले आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संप सहा वर्षे चालला. लोकांनी उपास काढले, पण नांगर धरला नाही. १९३९ च्या कायद्यात ‘संरक्षित कूळ’ आले, १९४८ मध्ये कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा हा जमिनीचा मालक मानला गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नातवंडांनी या इतिहासातून एवढाच धडा घेतला, की कोणाचेही नाव कोणत्याही कागदावर येऊ द्यायचे नाही.

कूळकायदा शेतजमिनीचा आहे. फरशी बसवलेल्या गोठ्याला तो लागत नाही. पण भीती कलमे वाचून लागत नसते. त्यामुळे मांडव्याचा मालक कागद टाळतो आणि नेमका त्यामुळेच गोत्यात येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी शिक्षा त्याच कलमात आहे: करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. म्हणजे भाडेकरूचे नाव कागदावर येऊ नये म्हणून मालक जन्मभर जपतो आणि शेवटी भाडेकरूचा शब्द हाच कागद होऊन बसतो. भाडे सहा हजार ठरले होते की तीन, वीजबिल कोणी भरायचे होते, डिपॉझिट किती दिले होते, या प्रश्नांची उत्तरे देण्याचा पहिला मान त्याला मिळतो, आणि त्याची स्मरणशक्ती उत्तम असते.

भाडे थकणे ही क्रिया एकदम होत नाही. तिला ऋतुचक्र आहे. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद होते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचही बंद होतात. पर्यटक आटतात, म्हणून जून-जुलैचे भाडे नारळी पौर्णिमेवर जाते. नारळी पौर्णिमेला बोटी नुकत्याच सुटलेल्या असतात, म्हणून ते गणपतीवर जाते. गणपतीत भाडे मागणे हे माणुसकीला धरून नाही. दिवाळीला गर्दी असते, पण हॉटेलच्या मालकाने पगार अडवलेला असतो. एकतीस डिसेंबरला कामाचा इतका रेटा असतो, की भाडे द्यायला वेळ कोणाला आहे? मार्चमध्ये मार्चएंड असतो, होळीला शिमगा, आणि मे महिन्यात भाडेकरू गावी गेलेला असतो. असे बारा महिने तपासले असता भाडे देण्यास योग्य असा एकही महिना निघत नाही. पूर्वी लाँच बंद झाल्या की मुंबईकर मालकही तीन महिने बंद होत असे. रो-रो पावसातही हवामान पाहून सुटू लागल्यापासून भाडेकरूंची ही हक्काची सुट्टी गेली.

थकबाकी वसुलीची पहिली पायरी तोंडी असते. स्थानिक मालक थेट मागत नाही. “मीटर बघायला आलो होतो” असे म्हणत तो दारात उभा राहतो. भाडेकरू त्याला चहा देतो. चहा घेतल्यावर पैसे मागणे अवघड होते, हे दोघांनाही ठाऊक असते. अधूनमधून एखादी सुरमई किंवा पांढऱ्या कांद्याची माळ येते. ती भाड्यात धरायची की प्रेमात, हा वाद पुढे कोर्टात निघतो.

दुसरी पायरी रागाची असते आणि तीच सर्वांत महाग पडते. मालक पंपाचा खटका बंद करतो, वायर काढतो किंवा खोलीला आपले कुलूप ठोकतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज अशा आवश्यक सोयी मालकाने सबळ कारणाशिवाय तोडणे हा गुन्हा आहे. भाडे थकले, हे कारण मालकाला कितीही सबळ वाटले तरी न्यायालयाला तसे वाटेलच असे नाही. कुलपाचीही तीच गत. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे, रीतसर मार्गाशिवाय बाहेर काढलेला मनुष्य सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. घर कोणाच्या मालकीचे आहे, हे त्या दाव्यात कोणी विचारतही नाही. मांडव्याचा ताबा बळाने परत घेणारा एकच इसम लोकांच्या स्मरणात आहे: ‘अग्निपथ’ या चित्रपटाचा नायक. त्याची पद्धत कोणत्याही कलमात बसत नाही. शिवाय २०१२ च्या ‘अग्निपथ’साठी मांडवा गाव दीवला उभारावे लागले. खुद्द मांडव्यालाही मांडव्यात जागा मिळाली नाही, यावरून येथील जागेचा प्रश्न किती बिकट आहे हे ध्यानात यावे.

तिसरी पायरी नोटिशीची. मालक एसटीने अलिबागला जातो आणि वकिलाला भेटतो. वकिलाचा पहिला प्रश्न “करार आहे का?” असा असतो आणि दुसरा “पावत्या आहेत का?” असा. दोन्हींना “विश्वासावर दिलं हो” हे एकच उत्तर पुरते. मग कोणता कायदा लागू, हे बघावे लागते. १९९९ चा भाडे कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या किंवा शासनाने नंतर जोडलेल्या क्षेत्रांना लागू होतो. जागा त्या क्षेत्रात येत नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम बघायचा. त्याच्या कलम १०६ नुसार, उलट करार नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. भाडे कायदा लागू असेल तर कलम १५ प्रमाणे लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावे लागते. त्याआधी थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. पंधरा दिवसांची बातमी घेऊन परतणारा मालक जिताडा घेऊन घरी जातो, नव्वद दिवसांची घेऊन परतणारा डोकेदुखीची गोळी.

नोटिशीची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. “चार महिन्यांचे पैसे दे” या चार शब्दांच्या आशयासाठी दोन पाने लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला चतुःसीमा मिळतात: पूर्वेस विहीर, पश्चिमेस माडाचे झाड, दक्षिणेस मोरीचे पाणी, उत्तरेस आमच्या अशिलाची स्वतःची मिळकत. कालपर्यंत ज्याला “अरे” म्हणून हाक मारली जात होती, त्याला “आपणांस” म्हटले जाते. रोज ज्याच्या चपला ओलांडून मालक विहिरीवर जातो, त्याला तो “इसम” म्हणून ओळखू लागतो. शेवटी नोटिशीचा खर्चही आपल्यावरच आहे, असे कळवलेले असते. हा खर्च थकलेल्या भाड्यातच मिसळून थकतो.

या सगळ्या थाटात जी गोष्ट हवी तीच पुष्कळदा राहून जाते. नव्वद दिवसांची नोटीस ही भाड्याची मागणी असते. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दरमहा किती, एकूण किती, हे तिच्यात स्पष्ट हवे. “घर ताबडतोब खाली करा” हे मालकाला लाल शाईत लिहायचे असते. पण भाडे कायद्याखालच्या दाव्याला घर सोडण्याची वेगळी नोटीस लागतच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगून ठेवले आहे. लाल शाई वाया जाते, आणि रकमेच्या जागी “अनेक महिन्यांचे” असे लिहिलेले असते, त्यावर भाडेकरूचा वकील पुढे दोन वर्षे काढतो. थकबाकी मागायलाही मुदत आहे: तीन वर्षांपूर्वीचे भाडे दावा लावून वसूल होत नाही. बारा वर्षे सोसले, हे सांगण्यात मोठेपणा असला तरी पहिली नऊ वर्षे धर्मादायात जमा होतात.

नोटीस लिहिणे सोपे, ती पोचवणे कठीण. कलम १०६ ने चार वाटा दिल्या आहेत: टपालाने पाठवणे, प्रत्यक्ष हाती देणे, घरी असलेल्या कुटुंबीयाकडे किंवा नोकराकडे देणे, आणि यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल तर जागेच्या ठळक भागावर चिकटवणे. टपालाने पाठवलेल्या पाकिटावर परत येताना ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’ किंवा ‘पत्ता सोडून गेले’ यांपैकी एक शेरा येतो. अनुभवी भाडेकरू ‘नकार’ हा शेरा कधीही येऊ देत नाही, कारण पाकीट नाकारले म्हणजे ते मिळाले असेच न्यायालये साधारणपणे धरतात. तो पोस्टमन येण्याच्या वेळी जेट्टीवर असतो. चिकटवलेली नोटीस पावसाळ्यात दुपारपर्यंत टिकते; म्हणून हुशार मालक तिचा फोटो काढतो. त्या फोटोत भाडेकरूची बायको दोरीवर कपडे वाळत घालताना दिसते आणि नोटीस लावली तेव्हा घरात कोणीच नव्हते, हा मालकाचा मुद्दा तेथेच संपतो.

अलीकडे व्हॉट्सअॅपचा मार्ग निघाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुली प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस पोचल्याचे मान्य केले. ती पोचली आणि उघडली गेली, हे निळ्या खुणांवरून दिसते, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल किनाऱ्यावर पोचल्यापासून भाडेकरूंच्या मोबाइलमधल्या निळ्या खुणा बंद झाल्या आहेत. सकाळी ‘सुप्रभात’चे फूल मात्र ते मालकाला न चुकता पाठवतात.

नोटीस पोचली की उत्तर येते. उत्तरात भाडेकरू आधी थकबाकी नाकारतो, मग तिचे कारण देतो आणि शेवटी उलट येणे दाखवतो. छप्पर गळते, बाथरूमचे दार अजून बसलेले नाही, कौले त्याने स्वतः शाकारली, पंप त्याने दुरुस्त केला, सुरमईचे वजन अमुक इतके होते. यांतले दाराचे खरे असते. भाडे देण्याची आपली तयारी नेहमीच होती, हे दाखवण्यासाठी जुने भाडेकरू मनीऑर्डर पाठवत आणि मालक ती रागाने परत करत. तीच परत आलेली पावती पुढे मालकाच्या विरुद्ध पुरावा होई. आता हे काम यूपीआयने होते. खात्यात येणारे पैसे मालकाला नाकारता येत नाहीत, एवढाच फरक.

मग नव्वद दिवस जातात. भाडे नियंत्रण कायदा मुंबईच्या चाळींसाठी घडला असे म्हणतात, पण हा आकडा मांडव्याच्या पावसाळ्याशी तंतोतंत जुळतो. जूनच्या सुरुवातीला हाती दिलेली नोटीस पहिल्या लाँचबरोबर पिकते. एवढ्या काळात भाडेकरूने पैसे भरले तर थकबाकीचा दावाच उभा राहत नाही. नाही भरले तर अलिबागच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल होतो, समन्स निघते, आणि कायदा पुन्हा नव्वद दिवस देतो: समन्स मिळाल्यापासून तेवढ्या मुदतीत थकलेले भाडे वर्षाला पंधरा टक्के सरळ व्याजाने न्यायालयात भरले, पुढचे नियमित भरत राहिले आणि दाव्याचा खर्च दिला, तर घर सोडण्याचा हुकूम होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही भाडे थकल्यामुळे पट्टा रद्द केला असेल तर कलम ११४ प्रमाणे सुनावणीच्या वेळी भाडे, व्याज आणि खर्च भरणाऱ्याला न्यायालय मोकळे करू शकते. दोन्ही कायद्यांचे म्हणणे एकच: मालकाला पैसे मिळावेत, माणूस रस्त्यावर येऊ नये. पैसे देण्याची संधी मिळूनही जो देत नाही, त्याच्यासाठी मात्र घराची किल्ली न्यायालय मागून घेते.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवाल्याचा प्रवास याहून छोटा असतो. त्याची मुदत संपली की भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. अशा कराराला ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. महिना सहा हजारांच्या खोलीचे अकरा महिन्यांचे भाडे ६६,००० रुपये, त्यावर १६५ रुपये, डिपॉझिटवर मोजल्या जाणाऱ्या व्याजामुळे थोडे अधिक. अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरी येतो. त्याला त्याची मजुरी द्यावी लागते आणि चहा द्यावा लागतो. एवढा खर्च वाचवण्यासाठी मालक वकिलाच्या पायऱ्या झिजवतो, चार तारखांना अलिबागला खेपा घालतो आणि भाडेकरूने खिडकीला लावलेल्या जाळीचे पैसेही शेवटी स्वतःच देतो.

एकंदरीत, थकलेल्या भाड्याची नोटीस घर रिकामे करून घेण्यासाठी फारशी उपयोगाची नाही. भाडे वसूल करण्यासाठी ती उत्तम आहे, आणि कायद्याने ती त्याच कामासाठी घडवली आहे. ज्याला ती कधीच पाठवावी लागू नये असे वाटते, त्याने करार नोंदवावा, भाडे बँकेतून घ्यावे, रोख घेतल्यास पावती द्यावी, आणि दोन महिने थकले की गणपतीची वाट न पाहता आकडा लिहून मागणी करावी. कागद केल्याने कूळ लागत नाही. आणि बाथरूमचे दार ठरल्या आठवड्यात बसवून द्यावे.